मागचं गेट

२९ मे

लिफ्टशेजारच्या फलकावर आज नोटीस लागली. १६ जूनला विशेष सर्वसाधारण सभा. विषय तीन: टँकरचा वाढता खर्च, क्लबहाउसचं रंगकाम आणि ‘टेकडीकडील मागचे गेट कायमस्वरूपी बंद करणे’. तिसरा विषय वाचून मी तिथेच थांबले, पुन्हा वाचला.

पाषाणच्या पंचवटीत, वेताळ टेकडीच्या पायथ्याशी आमची सोसायटी आहे. पुढच्या गेटला बूम बॅरियर, वॉचमनची केबिन, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर, मोबाइलवर परवानगीची सूचना, असं सगळं आहे. मागचं गेट म्हणजे एका वेळी एक माणूस जाईल एवढं लोखंडी दार. कडी काढली की समोर लगेच चढण. फ्लॅट घेताना बिल्डरच्या माहितीपत्रकात स्विमिंग पूल, जिम, लॉन यांचे मोठाले फोटो होते, या दाराचा कुठे उल्लेखही नव्हता. मी मात्र हे घर घेतलं ते या दारासाठी.

कारण असं दिलंय की पार्किंगमधून दोन सायकली गेल्या आणि मागच्या बाजूला कॅमेरा नाही. सायकली गेल्या हे खरं आहे. ज्या मुलीची गेली ती परवापर्यंत रडत होती. पण सायकल कुठल्या गेटाने गेली हे कुणालाच माहीत नाही.

३० मे

मावशी पोळ्या करत होत्या तेव्हा त्यांना नोटिशीबद्दल सांगितलं. लाटणं थांबलं.

मावशी जनवाडीत राहतात, म्हणजे टेकडीच्या पलीकडच्या अंगाला. रोज सकाळी टेकडी चढून, माथा ओलांडून मागच्या गेटाने येतात आणि दुपारी तशाच जातात. चांगलं चालणाऱ्याला पाऊण तास. बसने यायचं तर आधी सेनापती बापट रस्ता, मग विद्यापीठ चौकातली गर्दी, मग पाषाण रस्ता. वेळ जास्त आणि वर तिकिटाचे पैसे. शिवाय बसथांब्यापासून आमच्या पुढच्या गेटापर्यंतचं चालणं आहेच.

त्यांच्या सासूबाई शनिवार पेठेत नदीकाठी राहायच्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, वाडा गेला आणि पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरच्या बाजूला ज्या वसाहती झाल्या तिथे त्या आल्या. तेव्हा तिकडे टेकडी आणि माळच होता. सरपणासाठी सासूबाई याच टेकडीवर यायच्या. म्हणजे आमची कुंपणाची भिंत बांधली गेली त्याच्या कितीतरी आधीपासून या कुटुंबाचे पाय त्या वाटेवर आहेत.

मी म्हटलं, “मावशी, सभेत मी तुमचं सांगू का?”

“सांगा ना ताई. पण माझं एकटीचं नका सांगू. आम्ही सहा-सात जणी येतो टेकडीवरून. बी विंगला दोघी, त्या बाळाला सांभाळणारी एक, माळीकाकांची सून...”

नावं त्या सांगत गेल्या. त्यांतल्या निम्म्या बायकांना मी रोज लिफ्टमध्ये बघते. त्या कुठून येतात हे मला आज कळलं.

२ जून

साडेपाचला वर गेले. टेकडीच्या माथ्यावर, वेताळाच्या देवळाजवळ, पुणे शहरातलं सर्वांत उंच ठिकाण आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. तिथून एका नजरेत सिंहगड आणि सगळं पसरत गेलेलं शहर दिसतं. आज धूळ होती, सिंहगड नुसता अंदाजाने बघितला.

उन्हाळ्याच्या शेवटी टेकडी सुंदर नसते. गवत पिवळं, काही ठिकाणी वणव्याने काळं. वनखात्याने लावलेली गिरिपुष्पं दाट झालीत आणि त्यांच्याखाली फारसं काही उगवत नाही. हे मूळचं मेक्सिकोकडचं झाड. झटपट हिरवं करायला लावलं गेलं. पण जरा आडवाटेला गेलं की जुनी, इथलीच झाडं भेटतात: सालई, मोई, मेडशिंगी, वारस, एखादा कांडोळ. गणेरची पिवळी फुलं फेब्रुवारीत बघून घ्यावीत, तेव्हा झाडावर एकही पान नसतं. ही झाडं हळू वाढतात, उन्हाळ्यात उघडी-वाघडी दिसतात आणि म्हणूनच कुणाला किमती वाटत नाहीत. मला वाटतात.

खाणीच्या अलीकडे नेहमीचे आजोबा भेटले, दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन. टेकडीवर कुणी लावलेली रोपं मे महिन्यात जगतात ती अशा माणसांमुळे. खालून पाणी घेऊन चढायचं, एकेका रोपाच्या आळ्यात ओतायचं, मोकळा कॅन घेऊन उतरायचं. कुणी त्यांना नेमलेलं नाही. कुणाचं रोप, कुणी लावलं, हेही ते विचारत नाहीत. पाण्याचे कॅन घेऊन आजोबांनी पुढच्या गेटातून, वळसा घालून यायचं का? ते आमच्या सोसायटीत राहत नाहीत, पण मागच्या गेटाजवळच्या नळावर भरून घेतात. आमचे वॉचमनमामा त्यांच्यासाठी कॅन आधीच भरून ठेवतात.

५ जून

काल संध्याकाळी वळवाने झोडपलं. वीज गेली, आली, पुन्हा गेली.

सकाळी सातला मामांचा फोन. “ताई, खाली या, पाखरू पडलंय.” लॉबीच्या मोठ्या काचेखाली एक नवरंग पडला होता. हिरवी पाठ, पंखावर निळ्याचा तुकडा, डोळ्यावरून काळी पट्टी, शेपटीखाली लाल. जिवंत होता, पण मान एका बाजूला कलली होती आणि चोच उघडी.

नवरंग हिवाळा दक्षिणेत काढतात आणि पावसाच्या तोंडावर विणीसाठी वर येतात. प्रवास रात्रीचा. मे संपताना नि जून लागताना ते पुण्यावरून जातात, काही आपल्या टेकड्यांवर उतरतात आणि पहाटे त्यांची दोन सुरांची शीळ ऐकू येते. शहराचे दिवे त्यांना भुलवतात आणि काचेत उमटलेलं झाड त्यांना खरं झाड वाटतं. आमच्या लॉबीची काच टेकडीकडे तोंड करून आहे. तिच्यात टेकडी जशीच्या तशी दिसते. पाहुणे त्या काचेचं कौतुक करतात.

मामांनी मी येण्याआधीच करायचं ते सगळं केलं होतं. चपलांच्या खोक्याला भोकं पाडली, तळाला जुना नॅपकिन घातला, पाखराला आत ठेवून झाकण लावलं आणि खोकं केबिनमध्ये अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं. चोचीत पाणी घालायला कुणाला दिलं नाही. शाळेची बस यायच्या वेळी पोरं गोळा झाली तेव्हा सगळ्यांना लांब उभं केलं. मी विचारलं, “मामा, हे कुठे शिकलात?” म्हणाले, “गावाकडं विहिरीत पडलेली पाखरं काढायचो. त्याला अंधार नि गप्प राहणं पाहिजे असतं, बाकी काय नाय.”

बावधनच्या रेस्क्यू संस्थेला फोन केला. त्यांनीही तेच सांगितलं: अंधार, शांतता, पाणी पाजायचं नाही, आणून द्या. नऊच्या सुमारास मी खोकं घेऊन गेले. तिथल्या मुलीने हलक्या हाताने पंख उघडून बघितले. हाड मोडलेलं नाही, धक्का बसलाय, म्हणाली.

तिने आणखी एक सांगितलं ते लिहून ठेवते. काचेवर ससाण्याच्या आकाराचं एखादं स्टिकर चिकटवून उपयोग होत नाही, पाखरू त्याच्या बाजूने जायला बघतं. बारीक ठिपके किंवा रेघा हव्यात, दोन ठिपक्यांमध्ये दोन इंचांपेक्षा जास्त अंतर नको आणि लावायचे ते काचेच्या बाहेरच्या बाजूने.

७ जून

आज मृग लागला. संस्थेचा निरोप आला: नवरंग खायला लागला, उडाला, सोडून दिला. मामांना सांगितलं तर त्यांनी दोन्ही हात जोडले. मग लगेच म्हणाले, “ताई, परभणीला अजून नाय पडला. भाऊ म्हणतो ढग येतात न् जातात.” टेकडीवर पावशा ओरडला की मामा गावी फोन लावतात.

९ जून

दोन दिवस धो धो. वाटेवर मृगाचे किडे निघालेत, लाल मखमली. आठवीतल्या शेजारच्या मुलाला बोलावून दाखवले. या सोसायटीत जन्मलेला मुलगा, त्याने ते पहिल्यांदा पाहिले.

सभेत पाण्याबद्दल काय बोलायचं याचा विचार करत होते. मे महिन्यात आमच्या बोअरला पाणी नसतं, टँकर येतात, तोही सभेचा विषय आहेच. टेकडी काळ्या बसाल्टची. दगडातल्या भेगांमधून आणि सांध्यांमधून पावसाचं पाणी आत मुरतं आणि पायथ्याच्या विहिरी-बोअरांना मिळतं. पुण्यातले भूजलाचे अभ्यासक ही टेकडी पुनर्भरणाची जागा म्हणून धरतात. बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीवरून न्यायला २०२३ साली इतके लोक रस्त्यावर उतरून विरोध करत होते, त्यामागे झाडांइतकंच हेही कारण होतं. आमच्यातलेही बरेच जण त्या मोर्चाला गेले होते. ज्या टेकडीसाठी आपण मोर्चाला जातो, तिच्याकडे उघडणारं दार बंद करायचं, हे दोन्ही एकाच घरात कसं नांदेल? सभेत हे असंच विचारायचं ठरवलंय.

१६ जून, रात्र

सभा अडीच तास चालली. टँकरवरच सव्वा तास गेला.

गेटाचा विषय आल्यावर आधी ज्यांची सायकल गेली ते बोलले. मुलीच्या आईचा आवाज कापत होता. “आमचं घर तळमजल्याला, मागच्या बाजूला. रात्री कोण येतं-जातं मला दिसत नाही, मला भीती वाटते.” यात चुकीचं काही नव्हतं आणि कुणी तसं म्हटलंही नाही. मग एकाने ‘बाहेरचे लोक’ असा शब्द वापरला आणि मी उठले.

मावशींचं सांगितलं. जनवाडीचं, पानशेतचं, पाऊण तासाच्या वाटेचं. त्या सहा-सात जणी कोणकोणत्या घरी जातात तेही सांगितलं, म्हणजे प्रत्येकाला आपल्या घरातली बाई डोळ्यांसमोर यावी. बाळाला सांभाळणारी जिच्याकडे येते ती तरुण आई लगेच म्हणाली, “ती टेकडीवरून येते? ती सातला येते!” नंतर कुणी ‘बाहेरचे’ म्हटलं नाही.

सी विंगच्या आजी खुर्चीतूनच बोलल्या. त्यांचे गुडघे गेलेत, त्या वर चढत नाहीत. पण संध्याकाळी मागच्या गेटापर्यंत येतात, कडी काढून उंबऱ्यावर उभ्या राहतात. “मला तेवढं पुरतं,” म्हणाल्या. “ते घेऊ नका.”

ठरलं ते असं: गेट राहील. सकाळी साडेपाच ते दहा, दुपारी एक ते तीन आणि संध्याकाळी चार ते सात उघडं. त्या वेळेत तिथे एक वॉचमन. रात्री कुलूप. कॅमेरा लगेच बसवायचा आणि तळमजल्याच्या मागच्या बाजूला एक दिवा, पण खाली जमिनीकडे वळवलेला. दुपारची वेळ आधी प्रस्तावात नव्हती. बायका दुपारी परत जातात हे लक्षात आणून दिल्यावर घातली. इमारतीच्या दर्शनी भागावरचे रंगीत दिवे रात्री अकराला बंद, हे एकमताने झालं. मुलांनी नवरंगाची गोष्ट घरोघरी आधीच पोचवली होती. काचेवरच्या ठिपक्यांसाठी दरपत्रक मागवायचं, निर्णय पुढच्या बैठकीत. मला तो आजच हवा होता. पाखरं ऑक्टोबरात परत याच मार्गाने जाणार आहेत, तोवर व्हायलाच हवं.

१८ जून

मावशी आज चिंब येऊन पोचल्या. छत्री होती, पण उतारावर दोन्ही हातांनी झुडपं धरावी लागतात, मग छत्री कोण धरणार. माथ्यावरची वाट खडकाळ आहे, तिथे त्रास नाही. आमच्या बाजूचा शेवटचा उतार मुरमाचा, पाणी वाटेवरूनच वाहतं आणि पाय ठरत नाही. गेल्या पावसाळ्यात बी विंगला येणारी एकजण तिथे पडली होती, मनगट मोडलं होतं.

गेट आमच्या हातात होतं. उतार वनखात्याच्या जमिनीवर आहे, तिथे आपण परस्पर काही करायचं नाही आणि सिमेंट तर नकोच. पण पाणी वाटेबाहेर काढायला चर आणि सुटे दगड रचून पायऱ्या, एवढी परवानगी मागता येईल. कॅनवाल्या आजोबांनी वरच्या बाजूला असं काम होताना पाहिलंय, कुणाकडे अर्ज द्यायचा ते त्यांना ठाऊक आहे.

चहा घेताना मावशींनी जागा सांगितल्या, मी लिहून घेतल्या. हिवराच्या झाडाखालचं वळण. त्याच्यापुढे जिथे वाट दुभंगते तिथे डाव्या हाताला. आणि गेटाच्या जरा वर, जिथे आमच्याच लॉनचं जास्तीचं पाणी भिंतीच्या भोकातून वाटेवर सुटतं. हे शेवटचं सोसायटीचं काम आहे. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, प्लंबरला उद्या सकाळी बोलावलंय.