शतावरी: मुळं निघाली, आता साखरेत घोटलेला कल्प की दुधात उकळलेला क्षीरपाक?

मंडळी, गच्चीवरची शतावरी माघात खणली. वेल पिवळी पडून खालून वाळायला लागली की मुळांत भरायचं ते भरून झालेलं असतं, त्याचीच वाट बघत होतो. मधे दोन पावसाळे जाऊ दिले. शेतकरीसुद्धा साधारण दीड-दोन वर्षांनीच खणतात. त्याआधी घाई केली तर मुळं बारीक आणि पाणचट निघतात.

ग्रो-बॅग सरळ कापली. आत मुळांचा नुसता झुबका! बोटाएवढी जाड, दोन्ही टोकांना निमुळती, राखाडी-पांढरी, गड्ड्यापासून चहूबाजूंनी सुटलेली. 'शतमूली' हे संस्कृत नाव उगाच नाही. हातमोजे मात्र जाड घाला. काटे वाकडे असतात, हात मागे ओढला की जास्तच रुततात. गड्डा टाकायचा नाही. कोंबाचे डोळे आणि थोडी मुळं राखून मी तो लगेच नव्या मातीत लावला: निम्मी वाळू-माती, निम्मं शेणखत, तळाला विटांचे तुकडे. पाणी साचलं की मुळं कुजतात, बाकी या वेलीचे फार लाड करावे लागत नाहीत. सह्याद्रीच्या झुडपी रानात ती आपोआप येते, पहिल्या पावसात फुटणारे तिचे कोवळे कोंब रानभाजी म्हणून खातात. पण मुळासाठी खणली की अख्खी वेल जाते. म्हणून रानातून आणू नका, बी लावा. बियांचं कवच टणक असतं, रात्रभर भिजवूनही उगवायला आठवडे लागतात. धीर धरा.

आता खरं काम, सोलणं. बाजारची भुकटी एवढी महाग का, हे एक टोपली मुळं सोलली की कळतं. कच्चं मूळ सोलताना साल तुकड्या-तुकड्यांनी निघते आणि बोटं चिकट होतात. त्यापेक्षा दहा मिनिटं वाफवून घ्यायचं. मग साल नखानेसुद्धा सुटते. मुळाला उभी चीर द्यायची, मधली शीर एका टोकाला चिमटीत धरायची आणि हळू ओढायची. नीट वाफवलेलं असेल तर ती सुतळीसारखी अखंड बाहेर येते, मागे उरतो अर्धपारदर्शक, मऊ गर. शीर राहिली तर चूर्णात तंतू येतात आणि दुधात ते घशाला लागतात. गर चाखून बघा: आधी गोडसर, मग मागून हलका कडवटपणा.

थोडी मुळं रसासाठी कच्चीच ठेवली होती. मिक्सरला लावली तर वर पांढराशुभ्र फेस, साबणाच्या पाण्यासारखा. तो सॅपोनिनांमुळे, म्हणजे वनस्पतीतल्या फेस आणणाऱ्या द्रव्यांमुळे येतो. शतावरीतली शतावरिन नावाची द्रव्यं याच गटातली. कडवटपणाही मुख्यतः त्यांचाच. फेस टाकून देऊ नका, भांडं जरा बाजूला ठेवा, बसतो.

कल्प केला तो घरच्या रीतीने. एक वाटी गाळलेला रस, दोन वाट्या साखर, मंद आच, पाक पक्का होईपर्यंत ढवळणं, उतरवल्यावर वेलची-केशर, आणि मग साखर पुन्हा रवाळ होईपर्यंत हात न थांबवता घोटणं. चव झकास. बाळंतिणीला दुधातून कल्प देण्याची पद्धत आपल्याकडे घरोघर आहेच. पण हिशेब करा हो, चमच्यात मुख्यतः साखर असते! पाक उकळून आटवताना रसातलं पाणी गेलं, साखर मात्र सगळी तिथेच राहिली. विकतच्या डब्याचं तर नावच काढू नका, घटकांची यादी वाचा म्हणजे झालं.

म्हणून मी क्षीरपाकाकडे वळलो. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातलं प्रमाण सोपं आहे: औषधाच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी, आणि पाणी आटून दूध उरेपर्यंत उकळायचं. म्हणजे ५ ग्रॅम चूर्णाला ४० मिलि दूध आणि १६० मिलि पाणी. आच मंद हवी, नाहीतर पाणी आटायच्या आधीच चूर्ण तळाला लागतं. गाळून कोमट प्यायचं. चवीला दूध जरा दाट आणि किंचित कडसर लागतं, साखर लागतच नाही. माझं मत विचाराल तर घरच्या मुळांचं चीज यातच होतं; कल्प पाहुण्यांसाठी ठेवावा.

शतावरी थंड आणि गुरू, म्हणजे पचायला जड. भूक मंद असेल, सर्दी-कफ असेल तेव्हा मी घेत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी कल्पापासून लांबच राहावं. गरोदरपणात किंवा दुसरी औषधं चालू असताना डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. 'घरचीच तर आहे' हे कारण पुरत नाही.

सुकी मुळं विकत घेणाऱ्यांनी एक बघा. सफेद मुसळीची मुळंही सोलून वाळवली की पांढरीच दिसतात, झाड मात्र अगदी वेगळं. (तिच्या शास्त्रीय नावात आपली बोरिवली आहे, हे मला कायम गंमतीचं वाटतं.) आणि च्यवनप्राशाच्या डब्यावर शतावरी दिसली तर बुचकळ्यात पडू नका. अष्टवर्ग म्हणजे आठ दुर्मीळ औषधी वनस्पतींचा गट; त्यातल्या मेदा-महामेदा मिळत नाहीत, त्यांच्या जागी शतावरी घ्यायला भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथानेच सांगून ठेवलंय.

पुढचा बेत घृताचा, म्हणजे औषधी तुपाचा. कल्क (औषधाची वाटलेली चटणी) एक भाग, तूप चार, द्रव सोळा, हे नेहमीचं प्रमाण धरणार. द्रवात निम्मा शतावरीचा रस आणि निम्मं दूध घालायचा विचार आहे. तूप सिद्ध होताना फेस बसतो, तेलाच्या वेळी उलट फेस वर येतो, हे पाठ आहे. पण शतावरीचा रस मुळातच एवढा फेसाळ, तेव्हा फेसावर विसंबण्यापेक्षा कल्काची वात वळते का आणि ती विस्तवावर तडतडत नाही ना, हेच बघेन. कुणी केलं असेल तर दूध सुरुवातीलाच घातलं की रस आटल्यावर, तेवढं सांगा.