अठरा आकडी तारखा

ऑडिटरने मागितलं साधंच होतं: नव्वद दिवसांत ज्यांनी लॉगिन केलेलं नाही, अशा खात्यांची यादी. मालाडच्या आमच्या ऑफिसात सिस्टीम मीच बघतो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतून, म्हणजे सगळी खाती सांभाळणाऱ्या विंडोजच्या यंत्रणेतून, सीएसव्ही फाइल काढून एक्सेलमध्ये उघडली, तर शेवटच्या लॉगिनचा सगळा रकाना १.३३ई+१७ ने भरलेला. फॉरमॅट बदलल्यावर एक आकडा दिसला: १३३४९९९६१३२४१८७०००. शेवटचे तीन अंक एक्सेल खातं. पण ते सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी, त्यामुळे खाऊ दे.

विंडोजची ही मोजणी १ जानेवारी १६०१ पासूनची, तीही यूटीसीने, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेने. सेकंदाचे एक कोटी तुकडे, म्हणजे दिवसाचे ८६,४०० कोटी. म्हणून आकड्याला ८६४००००००००० ने भागायचं, एक्सेलच्या मोजणीशी जुळवायला १०९२०५ वजा करायचे आणि सेलला तारखेचा फॉरमॅट द्यायचा. झालं.

झालं कुठे! एचआरच्या मॅडम यादी बघून म्हणाल्या, "अहो, हा १७ तारखेला रजेवर होता, मग रात्री सव्वाआठला लॉगिन कसं?" सूत्राच्या शेवटी ५.५/२४ मिळवल्यावर तेच लॉगिन १८ जानेवारी २०२४, पहाटे पावणेदोनचं निघालं. रजा संपवून पोरगा नाइट शिफ्टला आला होता. आमच्याकडे अर्धी माणसं रात्रीच कामाला असतात, आणि साडेपाचच्या आतलं प्रत्येक लॉगिन यूटीसीत आदल्या दिवशी पडतं. एखादाच आकडा बघायचा असेल तर पॉवरशेलचं (विंडोजमध्ये कमांड देऊन काम करायचं साधन) फ्रॉमफाइलटाइम बरं, ते आपली स्थानिक वेळच देतं.

खातं कधी संपणार, त्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी नुसते #####. तिथे मूळ आकडा ० किंवा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ असेल तर खात्याला मुदतच नाही. पासवर्डच्या रकान्यात मात्र ० म्हणजे पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलावा लागणार. दोन्हींसाठी सूत्रात इफची अट घातली.

खरी मेख शेवटच्या लॉगिनच्या दोन रकान्यांतून एक निवडण्यात आहे. लास्टलॉगऑन प्रत्येक सर्व्हरवर वेगळा राहतो. आमचा एक सर्व्हर मालाडला, दुसरा महापेला. लास्टलॉगऑनटाइमस्टॅम्प दोन्हीकडे सारखा असतो, पण जुनी नोंद साधारण ९ ते १४ दिवसांची झाल्याशिवाय तो नवी लिहीत नाही. म्हणजे खरं लॉगिन त्यातल्या तारखेहून १४ दिवसांपर्यंत अलीकडचं असू शकतं. त्यामुळे ९० ते १०४ दिवसांतली नावं मी बाजूला काढली, दोन्ही सर्व्हरवरचा लास्टलॉगऑन काढून त्यातला मोठा आकडा धरला, आणि मगच यादी ऑडिटरला मेल केली.