आईची मेणबत्ती घेऊन हरेगावला

आईनं मेणबत्ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली, वरून सुतळीचे दोन वेढे दिले आणि माझ्या पिशवीत आडवी ठेवली. हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड. "दोघांच्या नावानं एकच लाव," एवढंच म्हणाली. दोघं म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. तीन वर्षं झाली, आम्ही एका बांधावर राहतो, एका विहिरीचं पाणी पितो आणि एकमेकांशी बोलत नाही. आईचे गुडघे आता चालत नाहीत, नाहीतर ती स्वतःच निघाली असती. चाळीस वर्षांत तिची मतमाउलीची, म्हणजे येशूच्या आईची, यात्रा चुकली नव्हती.

हरेगाव आमच्यापासून चाळीसएक किलोमीटर. आम्ही राहुरी तालुक्यातले, हरेगाव श्रीरामपूर तालुक्यात. आठ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिवस, त्याच्या आसपासच्या शनिवार-रविवारी तिथं यात्रा भरते. या यात्रेला पाऊणशे वर्षं होऊन गेली. नगर, नाशिक, संभाजीनगर, जालना, पुण्याकडून माणसं येतात. कुणी एसटीनं, कुणी टेम्पोनं, आणि आमच्यासारखे पायी. ख्रिस्ती तर येतातच, पण बाकीचेही येतात. नवस बोलायला आणि फेडायला कुणाला दाखला लागत नाही.

शुक्रवारी पहाटे चार वाजता फादरांनी प्रार्थना सांगितली आणि आमची दिंडी निघाली. साठ-सत्तर माणसं असतील. पुढं मतमाउलीची पालखी, झेंडूच्या माळा लावलेली, मागं टेम्पोत भांडी, अंथरुणं आणि स्पीकर. धाकट्या भावाची बायको आणि त्यांची दहा वर्षांची मुलगीही आल्या होत्या. भाऊ आला नव्हता. त्या आठवड्यात शेताची लाईट रात्रीची होती, दारं धरायला कुणीतरी पाहिजेच. मी मात्र आलो होतो, कारण माझी पाण्याची पाळी तीन दिवसांनी होती. हा हिशेब मी निघतानाच करून ठेवला होता. पाळीचा हिशेब आमच्या घरात कुणी विसरत नाही.

नगर-मनमाड रस्त्यावर अंधारात ट्रकच्या दिव्यांमधून चालताना माळ, म्हणजे मण्यांवरची प्रार्थना, सुरू झाली. शुक्रवार म्हणजे दुःखाची रहस्यं, येशूनं सोसलेल्या दुःखाचे प्रसंग. पहिलं रहस्य गेथशेमनी बागेतलं. एका पूर्ण माळेत त्रेपन्न वेळा 'नमो मरिया' आणि सहा वेळा 'हे आमच्या स्वर्गातील बापा' येतं. लहानपणापासून हे तोंडात इतकं बसलंय की ओठ आपोआप हलतात, मन कुठंही असो. पण त्या पहाटे एका ठिकाणी माझे ओठ थांबले. 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो', इथं. मागचा-पुढचा सगळा घोळका ती ओळ म्हणून पुढं गेला आणि मी एकटा 'आमेन'ला जाऊन मिळालो. दिवसभरात आमच्या चार माळा झाल्या. 24 वेळा ती ओळ आली आणि 24 वेळा मी ती गाळली.

भांडण काय होतं ते सांगतो. वडील गेल्यावर जमीन निम्मी-निम्मी झाली, विहीर सामाईक राहिली. तीन दिवस त्याची मोटार, तीन दिवस माझी. त्या मार्चमध्ये विहीर खाली गेली होती. माझ्या पाळीच्या रात्री मी गेलो तर त्याची मोटार चालूच. दोन तास वर गेले होते. हाक मारली, तो लांब उसाच्या पलीकडं होता, ऐकू आलं नसेल. आज म्हणतो, ऐकू आलं नसेल. त्या रात्री म्हणालो, मुद्दाम. हातात कोयता होता. उसातून त्याचा पाईप जातो, तिथं वाकून दोन घाव घातले. पाण्याचा फवारा तोंडावर आला, तो गार झटका मला अजून आठवतो. मग पाचट ओढून झाकून टाकलं.

त्याला ती जागा सापडायला चार दिवस लागले. तोवर कालव्याचं आवर्तन बंद झालं, विहिरीत पाझर राहिला नाही. त्याचा एकरभर उन्हाळी कांदा पोसायला लागला होता, तो तसाच सुकला. लिंबाएवढा कांदा निघाला. उंदरानं कुरतडला असेल, कुणी ऊसतोडीवाल्यानं कापला असेल, अशा सगळ्या शक्यता गावात बोलल्या गेल्या. मी त्यातल्या प्रत्येकीला मान डोलावली. अबोला त्यानं धरला असं सगळे समजतात. खरं म्हणजे मीच त्याच्यासमोर उभं राहायचं टाळत आलो.

राहुरी फॅक्टरीजवळ महामार्ग सुटला आणि बेलापूरचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना ऊस, मधे सोयाबीन, निसवलेली बाजरी. ऊन वर आलं तशी टाळ-मृदंगावर भजनं सुरू झाली. आमच्याकडं ख्रिस्ती भजन म्हणजे अभंगाच्याच चालीवर. ना. वा. टिळक काही वर्षं राहुरीला राहिले होते, त्यांची भजनं आमच्या आज्यांना तोंडपाठ होती. आमच्यात सीएनआय या प्रोटेस्टंट चर्चच्या दोन मावश्या होत्या. त्या माळ ओढत नाहीत, पण भजनात त्यांचाच आवाज सगळ्यात वर. एका वस्तीवर एक आजोबा किटलीभर चहा घेऊन उभे होते, गळ्यात तुळशीची माळ. "या माउली, चहा घ्या," ते आमच्या पालखीपुढच्या पोराला म्हणाले. वारकरी एकमेकांना माउली म्हणतात, आम्ही पवित्र मरियेला मतमाउली म्हणतो. बेलापूरला जी प्रवरा ओलांडायची होती, तीच पुढं नेवाशाला जाते, जिथं ज्ञानोबांनी ज्ञानेश्वरी सांगितली. आजोबांनी पालखीला हात जोडले, मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यात कुणाला वेगळं असं काही वाटलं नाही.

माझ्या बरोबर एक पोरगा चालत होता, बाविशीचा, पायात पळायचे बूट. पोलीस भरतीची तयारी करतो. दोनदा थोड्या गुणांनी राहिला. त्याचे पणजोबा आणि शेजारच्या वाड्यातल्या त्याच्या मित्राचे पणजोबा एकाच गावकुसाबाहेरचे, एकाच जातीचे, एकाच पाणवठ्यावरून हाकललेले. मित्राचं घर पुढं बौद्ध झालं, याचं त्याआधी ख्रिस्ती झालं होतं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. आपल्या राज्यात त्याला ओबीसीतून अर्ज करावा लागतो. गावात मात्र त्याला कुणी ओबीसी समजत नाही. "लोक सुचवतात, दाखल्यावर दुसरं लिहून घे, चर्चला जायला कोण अडवतंय," तो म्हणाला. "पण मग माझ्या आजीनं काय काय सोसलं ते खोटं ठरेल ना, काका?" मला उत्तर सुचलं नाही. तो नवस बोलायला चालला नव्हता. पुन्हा अर्ज भरायचं बळ दे, एवढंच मागणार होता. हे ऐकल्यावर माझ्या पिशवीतली मेणबत्ती मला जड वाटायला लागली. हा पोरगा एका कागदावर खोटं लिहीत नाही आणि मी तीन वर्षं खोट्यावर घर चालवतो आहे.

दुपारी बेलापूरला पूल ओलांडला. प्रवरा भरून वाहत होती. संध्याकाळी श्रीरामपूरला पोचलो. मुक्काम एका शाळेत होता. पिठलं, भाकरी, ठेचा झाला आणि लोक व्हरांड्यात पाय पसरून बसले. पुतणीच्या टाचेला मोठा फोड आला होता. ती रडत नव्हती, पण पाय कुणाला लावू देईना. "मोठे पप्पा धरतील तर," म्हणाली. मी तिचा पाय मांडीवर घेतला. तिच्या आईनं सुईत दोरा ओवला, काडीच्या जाळावर सुई धरली आणि फोडाच्या एका कडेतून घालून दुसऱ्या कडेनं अलगद काढली. दोरा आतच ठेवायची आमच्याकडं जुनी रीत, त्यावरून पाणी झिरपत राहतं म्हणतात. मोबाईलचा उजेड मी धरला होता. ती वाकली तेव्हा तिचा पदर सरकला आणि मला तिचा गळा दिसला. काळे मणी होते, डोरलं नव्हतं. नुसती पोत.

ते डोरलं आईनं केलेलं. त्याच्या वाट्या माझ्या ओळखीच्या होत्या.

"डोरलं?" मी विचारलं.

"पतसंस्थेत आहे," ती दोऱ्याला गाठ मारत म्हणाली. "कांद्याच्या वर्षापासून. दर दिवाळीला म्हणतात सोडवू."

पोरगी झोपली. मी तसाच बसून राहिलो आणि मग सांगून टाकलं. कोयता, पाईप, पाचट, सगळं. आवाज खाली ठेवून, जमिनीकडं बघून. तिनं सुई पुन्हा रिळात खोचली, रीळ पिशवीत ठेवलं, पिशवीची चेन लावली. बराच वेळ काही बोलली नाही.

"दादा," मग म्हणाली, "हे तुमच्या भावाला सांगा. मला सांगून हलके होऊ नका."

आणि मुलीच्या शेजारी तोंड फिरवून आडवी झाली. मी रात्रभर व्हरांड्यातल्या खांबाला टेकून होतो. जवळच्या स्टेशनवरून गाड्या जात होत्या. गाव श्रीरामपूर, पण स्टेशनचं नाव बेलापूर. लहानपणी आई इथं उतरून आम्हा दोघांना दोन्ही हातांनी धरून हरेगावला न्यायची. भाऊ चालून कंटाळला की मी त्याला पाठंगुळी घ्यायचो.

शनिवारी सकाळी हरेगावच्या रस्त्याला पाय ठेवायला जागा नव्हती. चारी बाजूंनी दिंड्या येऊन मिळत होत्या. हरेगाव म्हणजे आमच्या आजोबांचं कामाचं गाव. इंग्रजांच्या बेलापूर कंपनीचा साखर कारखाना इथला. आजोबा कंपनीच्या मळ्यात ऊस तोडायचे. कारखाना कधीचाच बंद पडलाय. यात्रा मात्र दरवर्षी वाढतीच आहे. संत तेरेजा चर्चचा मनोरा दिसला की म्हाताऱ्या बायका जमिनीला हात लावून कपाळाला लावतात. आईही तसंच करायची. या वर्षी तिच्या वतीनं मी केलं.

पाळणे, जिलेबी, रेवड्या, बांगड्या, येशूच्या तसबिरी, भोंग्यावर हरवलेल्या मुलांची नावं. मतमाउलीच्या दर्शनाची रांग ऊसाच्या सरीसारखी वळत गेलेली. माझ्या पुढं एक बाई गुडघ्यांवर सरकत होती, तिची सून तिच्यापुढं गोणपाट टाकत होती. मागं एक मुलगी नर्सिंगच्या प्रवेशाचा कागद छातीशी धरून. दोन तास रांगेत होतो. पिशवीतून मेणबत्ती काढली. उन्हानं ती थोडी वाकली होती, पण वात शाबूत होती.

मेणबत्त्या लावायच्या जागेशी पोचलो. शेकडो जळत होत्या. स्वयंसेवक अर्ध्या जळालेल्या विझवून बाजूला करत होते, नव्यांना जागा देत होते. मेणाचा चिखल झाला होता. शेजारच्या माणसानं स्वतःची पेटती मेणबत्ती माझ्यापुढं धरली, घ्या म्हणून. आणि मला मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं ते वचन आठवलं. येशू म्हणतो, तू वेदीजवळ दान घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तुला तिथं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन दान दे. हे वचन मी चर्चमध्ये वाचनासाठी उभं राहून स्वतः वाचलेलं आहे, शंभर माणसांपुढं, स्पष्ट आवाजात. भाऊ तेव्हा तिसऱ्या बाकावर होता.

मी मेणबत्ती लावली नाही. त्या माणसाला म्हटलं, राहू द्या. मतमाउलीकडं बघितलं, काही मागितलं नाही, आणि बाहेर आलो.

कडुनिंबाखाली खुर्च्या टाकून फादर पापनिवेदन ऐकत होते. तिथंही रांग होती. मी उभा राहिलो आणि माझी पाळी आल्यावर सगळं सांगितलं. फादरांशी बोलणं तिथंच ठेवायचं असतं, म्हणून ते लिहीत नाही. संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चच्या उपासनेला, ती ओळ आली तेव्हा मी ती म्हणालो, पण पुढचीसकट. 'आमच्या अपराधांची क्षमा कर.' आधी मला तीच मागायची होती. इतकी वर्षं पहिल्या अर्ध्यावरच अडकून मी स्वतःला फिर्यादी समजत होतो.

रविवारी दुपारी टेम्पोनं परत निघालो. घरी पोचेस्तोवर रात्रीचे दहा वाजले. आई जागी होती. मी मेणबत्ती तिच्या हातात दिली. तिनं वर्तमानपत्र उलगडलं, न जळलेली वात बोटानं चाचपली, माझ्याकडं बघितलं. काही विचारलं नाही. पुन्हा गुंडाळून फडताळात ठेवली.

मी तसाच शेतात गेलो. लाईट आली होती, भावाच्या उसात पाणी चालू होतं. बॅटरीच्या उजेडात तो फावड्यानं दार मोडत होता, गुडघ्यापर्यंत चिखल. मला बघून त्यानं फावडं थांबवलं नाही. मी बांधावर उभा राहून सांगितलं. शब्द जुळवले नव्हते. पाईप मी कापला, एवढंच पहिलं वाक्य होतं, पुढचं कसंबसं. तो पुढच्या सरीला गेला, दार मोडलं, मागचं बंद केलं. पाणी वळलेलं नीट बघितलं. मग फावड्यावर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नको," तो म्हणाला. "तिला सोसणार नाही." आणि पुढच्या सरीला गेला.

याला पाच आठवडे झाले. तो अजून माझ्या ओसरीवर आलेला नाही. डोरल्याचे निम्मे पैसे मी पतसंस्थेत भरले, पावती भावजयीच्या हातात दिली, तिनं घेतली. निम्मे कांदा विकल्यावर भरेन. काल सकाळी मी रांगड्या कांद्याचं रोप उपटत होतो, तर पुतणी पाय ओढत नव्हे, उड्या मारत बांधावरून आली.

"मोठे पप्पा, पप्पांनी विचारलंय, रोप उरतंय का तुमचं?"

मी तिच्या ओंजळीत मावतील तेवढ्या जुड्या दिल्या, आणि बाकीच्या बांधावर काढून ठेवल्या.