पॅरिसमध्ये जुने नकाशे: २२० युरो कुठे गेले

आधीच सांगतो. पॅरिसमध्ये कुणी ‘कासिनी’ म्हणून नकाशा पुढे केला, तर भिंग लावल्याशिवाय पाकिटाला हात लावू नका. मी लावला आणि २२० युरो घालवले.

कासिनी म्हणजे शास्त्रशुद्ध मोजणी करून काढलेला सबंध फ्रान्सचा पहिला नकाशा. १८ व्या शतकातला, १८० च्या वर तक्ते (म्हणजे सुटी पानं), प्रमाण १:८६,४००. पवनचक्क्या आणि द्राक्षमळेसुद्धा दाखवलेत. मला दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोनच्या बाजूचा तक्ता हवा होता. सकाळपासून पायपीट झालेली, त्यात पाऊस, आणि नदीकाठच्या एका दुकानात नेमका तोच टांगलेला. दुकानदाराने लगेच गुंडाळून नळीत घातला. भिंग हॉटेलवर राहिलं होतं.

रात्री नकाशा पलंगावर पसरला. मधोमध घडी दिसत होती, पण बोट फिरवलं तर काहीच लागेना. घडी छापलेली होती! कोपऱ्यातला तपकिरी डाग भिंगाखाली धरला, तर त्याचे गुलाबी, पिवळे, निळे ठिपके झाले, म्हणजे हल्लीची छपाई. रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद, आणि माझ्याकडे साधी पावतीही नव्हती.

पावती मागाच. १९८१ च्या फ्रेंच आदेशानुसार तुम्ही मागितलीत, तर वस्तू काय आहे आणि कोणत्या काळातली आहे, हे विक्रेत्याला पावतीवर लिहून द्यावंच लागतं. लिहायला कां-कूं केली की तिथून निघा.

तपासायचं कसं? तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या नकाशाभोवती पत्र्याच्या कडेचा दाब उमटतो, अंगठ्याला लागतो. (कडा कापलेल्या असतील तर तो दिसणार नाही.) १८०० च्या आधीचा कागद उजेडासमोर धरला की बहुधा बारीक समांतर रेघा दिसतात. जुना हिरवा रंग तांब्यापासून केलेला, तो कागद खातो आणि मागून तपकिरी उमटतो. दहापट भिंग आणि लहान टॉर्च खिशातच ठेवा, बॅगेत नको.



मग रविवारी वान्वचा जुना बाजार. मेट्रो १३, पोर्त द वान्व. शनिवार-रविवार भरतो, दुपारी उठतो, म्हणून आठच्या आत पोहोचा. तिथे एका बाईंच्या टेबलाखालच्या खोक्यात लव्हासर या नकाशाकाराचा जिरोंद जिल्ह्याचा नकाशा सापडला, ४५ युरोंना. १९ व्या शतकाच्या मध्यातली ही मालिका: मधे जिल्ह्याचा नकाशा, भोवती माणसं, पिकं, इमारतींची चित्रं. पोलादी पत्र्यावरची रेघ केसासारखी, एकही ठिपका नाही. बाईंनी न मागता पावतीवर काळ लिहिला. मी तिथेच फुटपाथवर बसून अर्धा तास तो नकाशा बघत होतो. नवशिक्यांनी लव्हासरच घ्यावा, कासिनीच्या नादी लागू नये. मात्र या कागदात उजेडासमोर दिसणाऱ्या त्या रेघा शोधू नका, तो नंतरचा, वेगळा कागद. माझ्या नकाशाच्या आवृत्तीत फ्रान्सचे ८६ जिल्हे धरलेत. साव्हुआ आणि नीस १८६० मध्ये फ्रान्सला जोडले, तेव्हा ८९ झाले. जिल्ह्यांचा आकडा छापलेला असला की काळाचा अंदाज बांधता येतो.

पॅरिसच्या उत्तरेला लागून असलेला सेंत-उआंचा मोठा जुना बाजार बघायला जा, खरेदीला नको. मी विचारलं तिथे लव्हासरच दुपटीच्या वर सांगत होते.

नकाशा दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून हातातल्या बॅगेतून आणा, नळीत नको. आणि कासिनी घ्यायचाच असेल, तर निघण्याआधी हवा तो तक्ता फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका संकेतस्थळावर मोठा करून नीट बघून घ्या. फुकट आहे.