वाहन क्रमांकाचा रकाना आणि डोक्यावरची वाळू

साताऱ्याच्या डोंगरातल्या ओढ्यांवर परात-घमेलं घेऊन वाळू धुवायला जायचं असेल, तर आधी कागदाचं बघा. ओझ्याचं नंतर बघता येतं. मी दोन्ही एकदम करायला गेले आणि दोन महिने हातचे गेले. त्याचा राग अजून उतरलेला नाही.

मी एम.एस्सी.ला आहे, विषय भूशास्त्र. प्रबंधासाठी उरमोडी आणि तारळीला मिळणाऱ्या बारा ओढ्यांतली काळी वाळू गोळा करायची होती, म्हणजे मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट ही लोखंडाची जड खनिजं. सोनं नव्हे. आपल्या काळ्या कातळात ते शोधायला जाण्यात अर्थ नाही. सोन्याचे ओढे खाली गदगकडे, धारवाडी खडकात, जिथं जालगार लोक पिढ्यान्‌पिढ्या वाळू धूत आले. पण परात फिरवायची रीत तीच. हलकी वाळू पाण्याबरोबर कडेवरून जाते, पाण्याच्या पाचपट जड असलेली काळी वाळू तळाला बसते. सोनं तर एकोणीसपट जड. आमच्या घरात हे नवं नाही. वडील सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातले गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे. दुकानातला केर धुऊन त्यातले रवे वेचताना त्यांना लहानपणापासून बघत आलेय.

तरी सरांनी आधी हात तयार करून घेतला. वाळूत शिशाचे दहा छर्रे ठोकून चपटे करून टाकायचे, धुवायचं आणि शेवटी मोजायचे. पहिल्या दिवशी माझे चार उरले. पंधरवड्यात दहाच्या दहा राहायला लागले, तेव्हा कुठं त्यांनी कॉलेजच्या पत्रावर सही केली.

वाळू आणायच्या परवानगीचा अर्ज ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दिला. वाळू म्हटलं की महसूल खातं आलंच, आणि नद्यांतून जी वाळूचोरी चालते ती बघता त्यांनी कडक असावं हे मला मान्यच आहे. पण मला जो छापील अर्ज मिळाला तो वाळू उपसणाऱ्यांचा होता. परिमाण ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, साधारण साडेचार टन वाळू. मला सगळी मिळून अडीच किलो काळी वाळू खाली आणायची होती, बाकीची तिथंच ओढ्यात परत. गणित करून ०.०००५५ ब्रास लिहिलं. त्यावर कोणी काही बोललं नाही. अडलं ते पुढच्या रकान्यावर.

“ताई, वाहन क्रमांक राहिला.”

“भाऊसाहेब, वाहन नाही. चालत जाणार आहे.”

“मग माल आणणार कशात?”

“पाठीवरच्या पिशवीत.”

“रकाना मोकळा ठेवून पुढं जात नाही.”

दुसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर. मग दिवाळी. तिसऱ्या खेपेला एकानं सुचवलं, कुणाच्या तरी दुचाकीचं आरसी बुक जोडा, काम होऊन जाईल. मी नाही म्हणाले. जे वाहन येणारच नाही त्याचा नंबर सरकारी कागदावर का लिहायचा? वाटेत कुणी अडवलं तर वाळू माझ्या पाठीवर आणि परवाना मोटारसायकलचा! चौथ्या खेपेला कॉलेजचं पत्र जुनं झालं म्हणून नव्या तारखेचं मागितलं. ते जुनं झालं होतं त्यांच्याच टेबलावर.

पाचव्या खेपेला पलीकडच्या टेबलावरच्या अव्वल कारकून बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “पोरी, हा अर्ज तुझ्यासाठी नाहीच. साध्या कागदावर लिही.” त्यांनी सांगितलं तसंच सांगते: उत्खनन हा शब्द नको, ‘अभ्यासासाठी नमुने’ लिहायचं, गावं, ओढ्यांची संख्या, वजन किलोत, कधीपासून कधीपर्यंत, सोबत कोण, आणि ‘पायी’ हा शब्द ठळक. वीस मिनिटांत लिहून झालं. चार दिवसांत पत्र हातात. तारीख होती १२ डिसेंबर.

एक राहिलं. प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्याच. माझ्या पहिल्या अर्जाची पोच नव्हती, म्हणून तो आलाच नाही असंही एकदा ऐकून घ्यावं लागलं.

आता हे दोन महिने कुठं भोवले ते सांगते. ऑक्टोबरात या ओढ्यांना मांडीभर पाणी असतं. वाळू चाळायची, जागेवर धुवायची, प्रत्येक ओढ्याची दोनशे ग्रॅम काळी वाळू पिशवीत बांधून निघायचं, असा बेत होता. डिसेंबरात वरच्या पाच ओढ्यांत परात बुडेल इतकंही पाणी नव्हतं. मग चाळलेली ओली वाळू, दर ओढ्याची दहा किलो, खालच्या डोहापर्यंत वाहून न्यावी लागली. सामानाचं नऊ किलो वेगळंच: परात, घमेलं, दोन मिलिमीटरची चाळण, आखूड दांड्याचं फावडं, लोहचुंबक, पाणी, भाकरी.

ठोसेघरच्या एसटीनं उतरायचं आणि पुढं पायवाटेनं दीड-दोन तास. पहिल्या दिवशी पाठपिशवीचे पट्टे खांद्यात रुतून कातडं सोललं. वाटेतल्या एका मावशींनी ते बघून लुगड्याच्या धडप्याची चुंबळ करून दिली आणि वाळूचं घमेलं डोक्यावर ठेवलं. मान ताठ, नजर दहा पावलं पुढं. त्या दिवसापासून वाळू डोक्यावर, सामान पाठीवर. एकदाही सांडली नाही, हे मी अभिमानानं सांगते.

परात प्लास्टिकची घ्या, स्टीलची निम्म्या वाटेत नकोशी होते. चुंबक पातळ पिशवीत गुंडाळूनच वाळूत घाला, नाहीतर त्याला चिकटलेली पूड निघता निघत नाही. ओढा कुणाच्या रानातून जात असेल तर त्या घरी आधी विचारा. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनखात्याची परवानगी वेगळी लागते, आम्ही तिकडचे ओढे घेतलेच नाहीत.

दहा नमुने झाले. दोन ओढे राहिलेत, पत्राची मुदत ३१ जानेवारीपर्यंत आहे. तिथल्या डोहात अजून गुडघाभर पाणी असल्याचं मावशींनी फोनवर सांगितलंय. रविवारी पहिल्या गाडीनं निघतेय.