तुम्ही विचारलंत म्हणून: कापूस नेमका कोणाचा?

"वकीलसाहेब, कापसाचा कायदा मुंबईचा हाय का दिल्लीचा? अन् आपल्या हातात काय ऱ्हायते?"

पांढरकवड्याला कोर्टाबाहेरच्या टपरीवर दर हंगामात कोणीतरी मला हे विचारतंच. उत्तर द्यायला मी पैनगंगेच्या काठापासून सुरुवात करतो.

१९७१ च्या कायद्यानं राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी आली. कापूस सरकारलाच घालायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. व्यापाऱ्याच्या काट्यातून शेतकरी सुटावा हा हेतू चांगला होता, हे मी आजही मानतो. पण चुकारा हप्त्याहप्त्यानं यायचा, आणि नदीपलीकडे आदिलाबादला, तेव्हाच्या आंध्रात, रोख मिळायची. पौषातल्या एका रात्री बाबांनी बंडी भरली. बैलांच्या गळ्यातल्या घंट्या आईनं काढून लुगड्यात गुंडाळून ठेवल्या. मी वर कापसात बसलो होतो, दवानं वरचा थर ओला झाला होता. पात्रात उतरायच्या आधीच तोंडावर बॅटरीचा उजेड पडला. बाबा एवढंच म्हणाले, "साहेब, माह्याच वावरातला हाय." कापूस गेला. कागद काही मिळाला नाही.

वकिली शिकताना त्या वाक्याला घटनेत आधार शोधला. कलम १९ प्रत्येक नागरिकाला व्यापार-धंद्याचा हक्क देतं, कलम ३०१ देशभर व्यापार मोकळा ठेवायला सांगतं. म्हणजे बाबांचं बरोबर होतं? तसं नाही. १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीनं १९(६) मध्ये भर घातली, की सरकार एखादा धंदा स्वतःकडे घेऊन नागरिकांना त्यातून पूर्णपणे वगळू शकतं. एरवी निर्बंध वाजवी आहे का, हे न्यायालय कसून तपासतं. सरकारी मक्तेदारीपुरती ती तपासणी या भरीनं बरीच ढिली झाली. मला ते तेव्हाही सलत होतं, अजूनही सलतं.

आता मुंबई की दिल्ली. शेती आणि बाजार घटनेच्या राज्यसूचीत आहेत, म्हणजे त्यांवर कायदा राज्यानं करायचा. कच्चा कापूस आणि सरकी यांचा व्यापार मात्र १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीनं समवर्ती सूचीच्या ३३ व्या नोंदीत गेला, तिथं दोघांनाही कायदा करता येतो. दोन्ही कायदे एकमेकांना भिडले तर केंद्राचा चालतो. राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती असेल तर त्या राज्यात राज्याचा. आयात शुल्क सगळं केंद्राच्या हाती. २०२१ साली कापसावर लावलेलं शुल्क २०२५ च्या ऑगस्टात काही महिन्यांसाठी काढलं, तेही दिल्लीनंच. म्हणून मी टपरीवर सांगतो: पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, वावरात उभी आहे तोवर राज्याची, कापूस बाजाराला निघाला की दोघांचा, बंदरावर पोचला की दिल्लीचा. (२०२० चे कृषी कायदे आणताना केंद्रानं याच ३३ व्या नोंदीवर हात ठेवला होता.)

राहिला तुमचा हात. हमीभाव हे सरकारचं धोरण आहे. तो मूलभूत हक्क म्हणून कोर्टात मागता येत नाही, हे मी कोणापासून लपवत नाही. मालमत्तेचा हक्कही १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं मूलभूत हक्कांतून निघाला. पण त्याच दुरुस्तीनं आलेलं कलम ३००अ शिल्लक आहे: कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. बंडी असो, ट्रॅक्टर असो, बियाण्याची पिशवी असो, हात घालणाऱ्याला कायदा दाखवावा लागतो. नाही दाखवला तर कलम २२६ खाली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचं दार उघडं आहे.

म्हणून कोणी जप्तीची तक्रार घेऊन आला की मी पहिल्यांदा पंचनाम्याची प्रत मागतो. नसेल तर त्याच दिवशी अर्ज लिहून देतो: कोणत्या कलमाखाली, कोणाच्या सहीनं, किती क्विंटल. त्या रात्री नदीकाठी बाबांनी यातलं काहीच विचारलं नाही. विचारता येतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.