ॲट्रिब्यूटच्या मेथडमध्ये फॉल्सचं करायचं काय

डॉमसाठी, म्हणजे वेबपानावरचे एलिमेंट (बटण, इमेज वगैरे) जावास्क्रिप्टमधून हाताळायला, एक छोटीशी लायब्ररी लिहायला घेतलीय आणि इव्हेंट वगैरे अवघड वाटणारे भाग राहिले बाजूला, डोकं खाल्लं ते ॲट्रिब्यूटनी, म्हणजे एचटीएमएलच्या टॅगवर लिहायच्या नाव-व्हॅल्यूच्या जोड्यांनी. वरवर बघितलं तर आहे काय त्यात, नाव द्या, व्हॅल्यू द्या, झालं. ब्राउझरकडे गेटॲट्रिब्यूट, सेटॲट्रिब्यूट, रिमूव्हॲट्रिब्यूट आहेतच, मग आपण नुसती नावं छोटी करायची का? तर नाही, कारण सेटॲट्रिब्यूट म्हणजे अगदी सांगकाम्या. सेटॲट्रिब्यूट('डिसेबल्ड', फॉल्स) लिहिलं की तो फॉल्सची (म्हणजे 'नाही' या व्हॅल्यूची) स्ट्रिंग, नुसता मजकूर, करून मोकळा होतो, आणि डिसेबल्ड पडलं बूलियन, म्हणजे हो-नाही प्रकारचं ॲट्रिब्यूट, ते नुसतं टॅगवर असलं तरी पुरे, आत काय लिहिलंय कोण बघतंय. म्हणजे तुम्ही गेलात बटण चालू करायला आणि ते बसलं बंद होऊन. नल (मुद्दाम दिलेलं 'काही नाही') दिलं तर 'नल' हीच अक्षरं जाऊन बसतात, अनडिफाइन्डचंही (व्हॅल्यूच न ठरलेल्याचंही) तेच.

पहिला मोह होतो तो जेक्वेरी या डॉमच्याच प्रसिद्ध लायब्ररीसारखी एकच ॲट्र नावाची मेथड ठेवायचा. 2006 ला ती आली आणि एका नावात दोन कामं ही सवय सगळ्यांनाच लागली, एक आर्ग्युमेंट दिलं की वाचायचं, दोन दिली की लिहायचं. टाइप करायला मस्त आहे, नाकारत नाही. पण वाचताना ती फक्त पहिल्या एलिमेंटची व्हॅल्यू देते आणि लिहिताना निवडलेल्या सगळ्यांवर लिहिते, हे नावावरून कुणाला कळणार? शिवाय लिहिल्यावर चेन (एका मेथडला जोडून पुढची मेथड लिहिणं) पुढे चालते, वाचल्यावर तुटते. आणि दुसऱ्या जागी चुकून अनडिफाइन्ड व्हेरिएबल गेलं तर काहीच होत नाही, एरर नाही, बदल नाही, चेन आपली पुढे, आणि तुम्ही बसा शोधत की व्हॅल्यू लागली का नाही. मला सगळ्यात जास्त राग या गप्प बसण्याचाच येतो.

नलचं त्या मानाने सोपं आहे. जेक्वेरी आणि डी-थ्री (चार्ट काढायची लायब्ररी) दोन्हीकडे नल दिलं की ॲट्रिब्यूट निघून जातं, लोकांना माहीत आहे, मीही तेच ठेवलं.

खरी गोची फॉल्सची. आधी वाटलं फॉल्स म्हणजे काढून टाक, विषय संपला. डिसेबल्ड, रिक्वायर्ड, चेक्ड सगळ्यांना ते बरोबर बसतं. पण एरिया-एक्सपांडेडचं काय? नावात एरिया असलेली ॲट्रिब्यूट स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी असतात. तिथे 'फॉल्स' ही स्ट्रिंगच लागते, तेव्हा स्क्रीन रीडर सांगतो की मेन्यू मिटलेला आहे, ॲट्रिब्यूटच काढलं तर हे उघडमीट होणारं काही आहे हेच त्याला कळत नाही. बरं, एरिया वगळू. जेक्वेरी 4 ने नेमकं तेच केलंय, एरिया सोडून बाकी सगळीकडे फॉल्स दिला की ॲट्रिब्यूट गायब. तरीही ड्रॅगेबल उरतंच ना! इमेज मुळातच ओढता येते, ती ओढता येऊ नये म्हणून ड्रॅगेबलला 'फॉल्स' लिहावं लागतं, आणि लायब्ररीने हुशारी करून ते काढून टाकलं की इमेज पुन्हा ओढता यायला लागली, म्हणजे सांगितलं त्याच्या बरोबर उलटं. स्पेलचेकचीही हीच तऱ्हा. आता अशा नावांची यादी लायब्ररीत ठेवायची, म्हणजे एचटीएमएलमध्ये काही नवीन आलं की आपण यादी घेऊन मागे पळायचं. नको रे बाबा.

म्हणून शेवटी ठरवलं की अंदाज बांधायचाच नाही. वाचायला गेटॲट्र, लिहायला सेटॲट्र, आणि सेटॲट्र फक्त स्ट्रिंग, नंबर आणि नल घेणार, ट्रू, फॉल्स किंवा अनडिफाइन्ड दिलं की सरळ एरर. बूलियनसाठी वेगळी मेथड, फ्लॅग. फ्लॅग('डिसेबल्ड', लोडिंग) असं वाचलं की कोड न उघडता कळतं की लोडिंग खरं असेल तर लाव, नसेल तर काढ. एरियाला 'फॉल्स' हवा असेल तर स्ट्रिंग म्हणूनच लिहा, दोन कोट जास्त टाइप करावे लागतील, करा. एक मित्र म्हणाला, "अरे एरर कशाला फेकतोस, कन्सोलमध्ये वॉर्निंग दे की." पण कन्सोलमधल्या वॉर्निंग वाचतो कोण, तो स्वतः तरी वाचतो का!

प्रॉपर्टीच्या, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये एलिमेंटवर डॉट लावून मिळणाऱ्या व्हॅल्यूंच्या, भानगडीत मात्र पडलोच नाही. इनपुटचं व्हॅल्यू ॲट्रिब्यूट म्हणजे सुरुवातीची व्हॅल्यू, युजरने आत्ता काय टाइप केलंय ते प्रॉपर्टीत असतं, आणि हे दोन्ही एकाच मेथडमध्ये कोंबून जेक्वेरीने बरीच वर्षं काढली, शेवटी 2011 मध्ये 1.6 ला प्रॉप वेगळं काढावं लागलं. माझ्याकडे प्रॉप नाहीच, एलिमेंट हातात आहे, डॉट व्हॅल्यू लिहायला काय जातंय.

राहिला टॉगल, म्हणजे असेल तर काढ, नसेल तर लाव. ब्राउझरच्या टॉगलॲट्रिब्यूटला दुसरं आर्ग्युमेंट देता येतं, ट्रू म्हणजे लाव, फॉल्स म्हणजे काढ, पण तिथे अनडिफाइन्ड गेलं की ते न दिल्यासारखं धरतो आणि असेल ते उलटं करून टाकतो. म्हणून माझ्या टॉगलला नावाशिवाय दुसरं आर्ग्युमेंटच नाही, लाव किंवा काढ असं ठरवून करायचं असेल तर फ्लॅग आहे. आणि त्या फ्लॅगमध्येही दुसऱ्या जागी ट्रू-फॉल्स सोडून काहीही आलं, अगदी शून्य किंवा रिकामी स्ट्रिंग आली, तरी एररच, यावरून अजून दोघांशी वाद चालू आहे.